‘पगार’ येतो, पण उशाशी बसायला माणूस कुठून आणायचा? म्हाताऱ्या-दिव्यांगांच्या सांभाळासाठी ग्रामपंचायतीकडं नेमका पैसा किती, तो जातो कुठं

राधानगरी : सरवडे असो, राशिवडे असो की कसबा तारळे, महिन्यातल्या ठराविक दिवसांत बँकेपुढं एक रांग हमखास दिसते. हातात कापडी पिशवी, पिशवीत पासबुक आणि आधार कार्ड. आत जाणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न, “पगार जमा झालाय का बघ की जरा.” संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांची ही रांग. सरकारी कागदावर याला अनुदान म्हणतात, गावात मात्र तो पगारच.

या रांगेत उभं राहता येतं ती माणसं एका अर्थी नशीबवान. जी रांगेपर्यंत येऊच शकत नाहीत त्यांचं काय? लकवा मारून दोन वर्षं अंथरुणावर पडलेला आजा, नजर गेलेली आज्जी, चाळिशी गाठलेला मतिमंद मुलगा आणि त्याला सांभाळणारी सत्तरीची आई. अशी घरं प्रत्येक वाडीत आहेत. पोरगं पुण्याला, नाहीतर गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळीवर. सून सकाळी गोठा, दूध डेअरी, मग भांगलण. मधल्या वेळात म्हातारीला पाणी कोण देणार, कूस कोण बदलणार, हा प्रश्न घरातच राहतो. ग्रामसभेत तो कधी येत नाही. गटार, रस्ता, दिवाबत्ती यावर ग्रामसभेत तासभर भांडण होतं, पण सांभाळाचा विषय निघाला तर “ते घरच्यांनी बघायचं” म्हणून मिटतो.

खरं तर तो विषय ग्रामपंचायतीचाही आहे. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर घटनेला जी अकरावी अनुसूची जोडली, त्यात पंचायतींसाठी 29 विषय दिले आहेत. त्यातला 26 वा विषय समाजकल्याणाचा आणि त्यात दिव्यांगांचं कल्याण शब्दानं लिहिलेलं आहे. म्हणजे काम पंचायतीच्या यादीत 1993 पासून आहे. यादीत नाव आलं म्हणून पैसा आला असं होत नाही, ही पुढची गोष्ट.

पगारातले पैसे कुणाचे?

आधी पगाराचा हिशेब. संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यानं 1980 मध्ये सुरू केली. निराधार, विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण अशा 65 वर्षांखालच्या लोकांसाठी ती आहे. 65 च्या पुढं श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन. आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर त्यात केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना मिसळते.

हातात पडतात महिना 1500 रुपये. जुलै 2023 मध्ये ही रक्कम 1000 वरून 1500 झाली. त्याआधी 600 ची 1000 झाली होती ती ऑगस्ट 2019 मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. आता केंद्राचा वाटा पाहा. 65 ते 79 वयाच्या माणसामागं केंद्र देतं 200 रुपये, 80 च्या पुढं 500. बाकीचे राज्य घालतं. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन 15 ऑगस्ट 1995 ला 75 रुपयांवर सुरू झाली, पुढं 200 झाली आणि 80 वर्षांखालच्यांसाठी आजही 200 वरच थांबली आहे. मधल्या काळात तेलाचा डबा कुठं गेला, गॅस कुठं गेला हे सांगायला नको. नोकरदाराच्या पेन्शनीला महागाई भत्ता जोडलेला असतो. या ‘पगारा’ला तसलं काही जोडलेलं नाही. सरकारच्या मनात आलं तर वाढ होते.

दिव्यांग लाभार्थ्यांसाठी राज्यानं 2025 मध्ये ही रक्कम 1500 वरून 2500 केली. चांगला निर्णय. पण गावात अनेकांना त्यातली एक गोष्ट ठाऊक नाही. ती अशी की दिव्यांग म्हणजे जन्मापासून अधू असलेलाच असं कायदा म्हणत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकार आहेत. लकव्यानं हातपाय गेलेला, नजर गेलेला, ठार बहिरा झालेला, कंपवाताचा म्हणजे पार्किन्सनचा रुग्ण, हे सगळे त्यात बसू शकतात. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त ठरलं की प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. म्हणजे अंथरुणाला खिळलेला म्हातारा माणूस सरकारदरबारी नुसता ‘वृद्ध’ राहतो की ‘दिव्यांग’ म्हणून नोंदला जातो, यावर महिन्याला हजार रुपयांचा फरक पडतो. शिवाय ग्रामपंचायतीच्या राखीव निधीवर त्याचा हक्क लागतो तो वेगळाच.

अडचण आहे ती दाखला आणण्याची. त्याची तपासणी कोल्हापुरात सीपीआरला, किंवा तालुक्यात शिबिर लागलं तर तिथं. दाजीपूर-ओलवणकडून कोल्हापूर म्हणजे 80 किलोमीटरच्या घरात. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. उठून बसता न येणाऱ्या माणसाला एसटीत कसं घालणार? खासगी गाडी केली तर दोन महिन्यांचा पगार भाड्यात. म्हणून ज्याला दाखल्याची सगळ्यात जास्त गरज, त्याचाच दाखला निघत नाही.

65 ची मेख

आणखी एक गोष्ट घरोघरी लवकरच कळणार आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै 2024 पासून सुरू झाली. तिची अट वय 21 ते 65 आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत. महिना 1500. बाई 65 वर्षांची झाली की ती यातून बाहेर पडते. मग तिनं श्रावणबाळला अर्ज करायचा. तिथंही 1500 च आहेत, पण उत्पन्नाची अट आहे वर्षाला 21 हजार.

21 हजार म्हणजे महिन्याला 1750. दिवसाला 57-58 रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे. रोजगार हमीवर 2025-26 चा दर 312 रुपये आहे. घरातल्या एका माणसानं वर्षात 68 दिवस रोहयोवर माती उचलली तरी कुटुंब या मर्यादेच्या बाहेर. दिव्यांगांसाठी संजय गांधी योजनेत ही मर्यादा 50 हजार आहे, तीसुद्धा फार मोठी नाही. इतकं कमी उत्पन्न असलेलं घर आज वाडीवर शोधून सापडणं कठीण. त्यामुळं दाखला 21 हजारांत ‘बसवून’ आणावा लागतो, हे अर्जदारालाही माहीत आणि बाकी सगळ्यांनाही. ज्याची ओळख आहे त्याचा बसतो. ज्याला खरंच कुणी नाही तो खेटे घालतो.

म्हणजे साठी-पासष्टीपर्यंत धडधाकट असताना बाईला पैसे मिळाले आणि जेव्हा गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू आला, तेव्हा बंद झाले, असं होऊ शकतं. एका योजनेची मर्यादा अडीच लाख आणि तिच्या पुढच्या पायरीची 21 हजार, हा हिशेब कुठल्याच बाजूनं जुळत नाही. 21 हजारांचा आकडा बदलणं हे ग्रामपंचायतीच्या हातात नाही, ते मंत्रालयाचं काम. पण तसा ठराव करून पाठवणं हातात आहे. राधानगरीचे आमदार प्रकाश आबिटकर डिसेंबर 2024 पासून राज्याचे आरोग्यमंत्री आहेत. इथल्या ग्रामसभांनी ठराव केले तर ते ऐकायला मंत्रिमंडळात तालुक्याचा माणूस बसलेला आहे.

ग्रामपंचायतीचे पाच टक्के

आता गावाच्या तिजोरीकडं येऊ. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. आधी हे प्रमाण 3 टक्के होतं, 2016 चा कायदा आल्यावर राज्याच्या ग्रामविकास विभागानं 2018 मध्ये ते 5 केलं. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीलाही हाच नियम लागू आहे. हा निधी ऐच्छिक नाही. सरपंचाची मर्जी असली तर द्यायचा, असला प्रकार नाही.

पण ‘स्वतःचं उत्पन्न’ या दोन शब्दांत सगळं अडकलंय. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, बाजार फी, गाळ्यांचं भाडं असलं जे गाव स्वतः जमा करतं ते स्वउत्पन्न. वित्त आयोगाचे, आमदार-खासदार फंडाचे, जलजीवनचे पैसे यात धरत नाहीत. आणि पाच टक्के लागतात ते जमा झालेल्या पैशावर.

एक कल्पनेतलं गाव धरून गणित मांडू. लोकसंख्या 1500. कराची मागणी 5 लाख, त्यातली वसुली 4 लाख. पाच टक्के म्हणजे 20 हजार रुपये, वर्षाचे. 2011 च्या जनगणनेत राज्यात दिव्यांगांचं प्रमाण 2.6 टक्क्यांच्या आसपास निघालं होतं. त्या मापानं या गावात 39 दिव्यांग. 20 हजार भागिले 39, डोकी 513 रुपये. महिन्याला 43. एवढ्यात चहा-बिस्किटंसुद्धा महिनाभर पुरत नाहीत.

मग गावात होतं काय? बहुतेक ठिकाणी मार्च महिना आला की घाईगडबडीत हे पैसे समान वाटून टाकतात, नाहीतर एकाच मापाच्या वस्तू देतात. वाटून टाकण्यात कुणाची तक्रार राहत नाही, हा त्याचा फायदा. तोटा असा की ज्याचं एक बोट नाही त्यालाही 513 आणि जो दहा वर्षं अंथरुणात आहे त्यालाही 513.

या गणितात एक लाख वसूल झालेच नाहीत, ते आठवतंय का? त्यांचे पाच टक्के म्हणजे 5 हजार. घरपट्टी थकवणारा माणूस सरपंचाचा डाव म्हणून थकवत असेल, नाहीतर भावकीच्या वादात थकवत असेल. पण त्याच्या थकबाकीतला विसावा हिस्सा शेजारच्या आंधळ्या आज्जीचा असतो.

आणि गावागावांत फरक केवढा! औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या करवीर-कागल-हातकणंगल्यातल्या ग्रामपंचायतींना कारखान्यांचा कर मिळतो. राधानगरीत पश्चिमेला सरकलं की जंगल, अभयारण्य आणि धरणांचं पाणी. दाजीपूर 1958 पासून अभयारण्य, राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी अशी मोठी धरणं याच तालुक्यात. या पाण्यावर खालची शेती पिकते, पण ज्या हद्दीत डोंगर आणि पाणीच जास्त तिथं कर लावायला गाळे नाहीत, शेड नाहीत, घरंही थोडीच. पोरं कामाला बाहेर जातात तीही इथूनच जास्त. त्यामुळं ज्या वाडीत म्हातारी माणसं एकटी राहिलीत, नेमकं त्याच वाडीच्या ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न तुटपुंजं. निधी उत्पन्नाच्या टक्क्यावर बांधला की असंच होणार. गरज कुणाची किती, हे त्या टक्क्याला कळत नाही.

खोली बांधता येते, माणूस ठेवता येत नाही

“मग वित्त आयोगाचे एवढे लाखो येतात ते?” हा प्रश्न येणारच. 15 व्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2 लाख 36 हजार 805 कोटी रुपये ठरवले. महाराष्ट्रात त्यातले 80 टक्के थेट ग्रामपंचायतींना, 10 टक्के पंचायत समितीला, 10 टक्के जिल्हा परिषदेला. पण त्यातला 60 टक्के हिस्सा बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. राहिलेला 40 टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणं. तोही पगार आणि आस्थापनेवर खर्च करायचा नाही, अशी अट.

या अटीमागं कारण आहे. अट नसती तर निम्म्या गावांत निधी नातेवाइकांच्या मानधनात संपला असता. पण सांभाळाच्या कामात खर्च असतो तो माणसाचाच. अबंधित निधीतून विरंगुळा केंद्राची खोली होते, उतरता रस्ता म्हणजे रॅम्प होतो, कमोडचं संडास होतं, बाकडी होतात, व्हीलचेअरही येते. ती व्हीलचेअर ढकलायला, अंग पुसायला, औषधाची गोळी वेळेवर द्यायला हात लागतो, त्याला या निधीत जागा नाही. म्हणून गावोगाव फरशी बसवलेल्या खोल्या दिसतात आणि कुलूप लावलेलं दिसतं. उद्घाटनाचा फलक तेवढा चकाचक.

राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजनाही याच वळणाची. 65 वर्षांवरील आणि कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा असं काही घ्यायला एकदाच 3000 रुपये. 70 च्या पुढच्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार. ज्यांनी हे कार्ड अजून काढलं नसेल त्यांनी काढून घ्यावं, मोबाइलवरही निघतं. पण कार्ड चालतं दवाखान्यात दाखल झाल्यावर. दवाखान्यातून “आता घरी न्या” म्हटल्यानंतरचे जे सहा महिने किंवा सहा वर्षं असतात, त्यासाठी कार्डावर काही नाही.

ते दिवस कोण काढतं? सून, मुलगी, बायको. पैशात मोजलं तर या तालुक्यातली सगळ्यात मोठी योजना हीच, आणि तिला एक रुपयाची तरतूद नाही. जिला म्हाताऱ्या सासूला सोडून मजुरीला जाता येत नाही तिचा बुडालेला रोज कुठल्याच नमुन्यात लिहिला जात नाही. घराबाहेरचं कुणी डोकावलं तर ती आशाताई. तिच्याकडं आधीच गरोदर माता, लसीकरण, सर्वेक्षण, वेगवेगळ्या नोंदी. उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात आणि तिथल्या सेवांच्या यादीत वृद्धांची काळजी आणि अंथरुणावरच्या रुग्णांची शुश्रूषा लिहिलेली आहे. समुदाय आरोग्य अधिकारी त्यासाठीच नेमलेले असतात. उपकेंद्रावर जाऊन “आमच्या वाडीत असे चार रुग्ण आहेत, महिन्यातून एकदा घरी येणार का?” असं विचारायला पैसे पडत नाहीत. पण विचारणारे थोडे.

केरळात हे कसं चालतं, ते पाहण्यासारखं आहे. तिथल्या सरकारनं 2008 मध्ये या शुश्रूषेचं वेगळं धोरण केलं. आज तिथल्या गावपंचायती नर्स ठेवतात. ती नर्स, सोबत आशा आणि गावातले स्वयंसेवक गाडी घेऊन अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरी जातात, जखम धुतात, नळी बदलतात, घरच्या बाईला कूस कशी बदलायची ते शिकवतात. औषधं, गाडी, मानधन पंचायतीच्या विकास निधीतून. हे जमलं कारण त्या राज्यानं 1996 पासून योजनेचा मोठा हिस्सा थेट पंचायतींच्या हाती दिला. तिथली लोकसंख्या म्हातारी झाली आणि पोरं आखातात गेली, त्यामुळं त्यांना हे आपल्याआधी करावं लागलं, इतकंच. राधानगरीची पोरं आखाताऐवजी पुणे-मुंबईला गेली, म्हातारी माणसं मागं राहिली ती सारखीच.

श्रीमंत देशांना हे सोपं गेलंय असंही नाही. इंग्लंडात म्हाताऱ्या आणि दिव्यांग माणसांचा सांभाळ ही तिथल्या स्थानिक परिषदांची कायदेशीर जबाबदारी आहे. खर्च इतका वाढला की 2016 पासून घरपट्टीवर फक्त या कामासाठी वेगळा टक्का लावायची परवानगी द्यावी लागली. तरी पुरत नाही आणि वाचनालय, रस्ते यांना कात्री लागते. तिथंही ज्या भागात घरं स्वस्त त्या भागात पट्टी कमी जमा होते आणि म्हातारी गरीब माणसं तिथंच जास्त. आपल्या वाडीचं दुखणं तेच.

पाच गावांनी मिळून केलं तर

20 हजारांत एका गावाला माणूस ठेवणं शक्य नाही हे उघड आहे. पण शेजारच्या पाच ग्रामपंचायतींनी हिस्से एकत्र केले तर 1 लाख होतात. एखाद्या गरजू बाईला दिवसातले चार तास, महिना 6 हजारांवर काम दिलं तर वर्षाला 72 हजार. उरलेल्या 28 हजारांत डायपर, पाण्याची गादी, पावडर-मलम आणि दाखल्याच्या शिबिरापर्यंतची गाडी. पाच गावांत मिळून खरोखर अंथरुणावरचे दहा-बारा रुग्ण असतील, तर आठवड्यातून एकदोनदा प्रत्येकाच्या घरी फेरी होते. समान वाटपात 43 रुपये महिना मिळण्यापेक्षा हे बरं की नाही, ते ग्रामसभेनं ठरवावं.

एकत्र येणं नवं नाही. प्रादेशिक नळपाणी योजना अनेक गावांत मिळूनच चालते, आणि दोन किंवा जास्त ग्रामपंचायतींनी संयुक्त समिती नेमण्याची सोय ग्रामपंचायत अधिनियमात आहे. अर्थात दोन गोष्टी आधी पक्क्या कराव्या लागतील. दिव्यांग निधीतून मानधन देता येईल का आणि कुठल्या शब्दांत ठराव केला तर लेखापरीक्षणात आक्षेप येणार नाही, हे गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावं. तोंडी ‘चालतंय की’ वर जाऊ नये, पुढच्या ऑडिटला सरपंच बदललेला असतो. दुसरी गोष्ट जास्त अवघड. समान वाटप बंद केलं की ज्यांचे 513 जाणार ते ओरडणार. त्यात मतदार असतात, भावकी असते. निवडणुकीच्या वर्षात हे कुठलाही सरपंच करायचा नाही. निवडणूक होऊन गेल्यावरचं पहिलं वर्ष त्यासाठी बरं.

ठरावात ताकद नसते असं म्हणणाऱ्यांनी याच जिल्ह्यातलं हेरवाड आठवावं. शिरोळ तालुक्यातल्या या गावच्या ग्रामपंचायतीनं 4 मे 2022 ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. त्या ठरावाला खर्च काय आला? कागदाचा.

बिनखर्चाचं आणखी एक उदाहरण लातूरचं. तिथल्या जिल्हा परिषदेनं आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातले 30 टक्के कापून थेट आईबापांच्या खात्यावर जमा करण्याचा ठराव केला आणि 2021 मध्ये काही जणांचे पगार खरंच कापले. त्यात शिक्षकही होते. नोकरी नसलेल्या मुलांसाठी 2007 चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा आहे. मुलगा सांभाळत नसेल तर प्रांताधिकाऱ्यांकडं साध्या कागदावर अर्ज करता येतो, महिना 10 हजारांपर्यंत पोटगी लावता येते. वकील लागत नाही. राधानगरीसाठी हे अधिकार राधानगरी-कागल उपविभागाच्या प्रांताकडं. तरी गावातली आई मुलाविरुद्ध अर्ज करायला सहसा धजत नाही. “चार लोकांत नाव कशाला घालवायचं?” त्यामुळं कायदा आहे आणि अर्ज मोजके आहेत.

मोबाइलवर काय बघायचं, ग्रामसभेत काय विचारायचं

आपल्या गावाला वित्त आयोगाचे किती आले आणि कशावर खर्च झाले हे ‘ई-ग्रामस्वराज’ आणि ‘मेरी पंचायत’वर दिसतं. गावाचं नाव टाकायचं, वर्ष निवडायचं. दिव्यांगांचे पाच टक्के मात्र गावाच्या स्वतःच्या पैशातले, त्यासाठी ग्रामपंचायतीचे कागदच बघावे लागतात. घराच्या उताऱ्याचा नमुना 8 सगळ्यांना पाठ आहे. नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक आणि नमुना 5 म्हणजे रोकडवही, हे थोड्यांना ठाऊक असतं. अंदाजपत्रकात दिव्यांगांसाठी किती धरले ते नमुना 1 मध्ये, खरंच किती गेले ते नमुना 5 मध्ये. दोन्ही शेजारी ठेवले की कळतं. दाखवत नसतील तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज.

ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्यांचं ग्राम महसूल अधिकारी झालंय, त्यामुळं अर्जावर नवं पदनाम लिहावं. लोक अजून अण्णासाहेब-भाऊसाहेबच म्हणतात ते वेगळं.

ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. 2 ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याचं काम सुरू होतं, त्यामुळं सांभाळाचा विषय आराखड्यात घालायचा तर तीच वेळ. आराखड्याच्या नऊ विषयांत ‘सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव’ हा एक विषय आहेच, त्याखाली तो बसतो. त्याआधी एक काम आशाताई, अंगणवाडीताई आणि दोन तरुण पोरांनी मिळून एका रविवारी होण्यासारखं आहे. गावात अंथरुणावर किती, एकटे राहणारे किती, दिव्यांग दाखला निघू शकतो पण निघालेला नाही असे किती, याची यादी करायची. बऱ्याच ग्रामपंचायतींकडं ही यादीच नसते. यादी नसली की मार्चमध्ये समान वाटपाशिवाय दुसरं काही सुचत नाही.

ज्यांचा पगार अचानक बंद झालाय त्यांनी आधी दोन गोष्टी तपासाव्यात. 2024 च्या अखेरीपासून ही रक्कम थेट डीबीटीनं, आधार जोडलेल्या खात्यावर येते. जुनं खातं एका बँकेत आणि आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं, असा घोळ झाला की पैसे भलत्याच पासबुकावर जमा होतात आणि म्हातारी जुन्या बँकेपुढं उभी राहते. दुसरं, दरवर्षीचा हयातीचा दाखला. तो दिला नसेल तर कागदावर माणूस गेल्यात जमा. तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत दोन्हीची चौकशी होते. ज्येष्ठांच्या कुठल्याही तक्रारीसाठी 14567 हा मोफत क्रमांक आहे, सकाळी 8 ते रात्री 8.